आधी विजेचं बोला

माझी उभी नोकरी खत कारखान्याच्या रिफॉर्मरवर झाली. भट्टीत टांगलेल्या उंच नळ्या, आत निकेलचा उत्प्रेरक, त्यातून जाणारा नैसर्गिक वायू आणि वाफ. यातून हायड्रोजन मिळतो, त्याचा पुढे अमोनिया होतो. पीपहोलवर निळी काच धरून पाहिलं की सगळ्या नळ्या सारख्या केशरी दिसायला हव्यात. एखादीवर उजळ पट्टा दिसला की ओळखायचं, आत काजळी धरलीय, तेवढा उत्प्रेरक कामातून गेला. मिथेनचा रेणू सहजी तुटत नाही, म्हणून आठशे-नऊशे अंशांचा हा खटाटोप. भट्टी तापवायलाही पुन्हा वायूच जाळायचा, म्हणजे धुराड्यातून आणखी कार्बन डायऑक्साइड.

म्हणूनच प्लाझ्मा उत्प्रेरणाबद्दल, म्हणजे भट्टीऐवजी विजेने रेणू फोडण्याच्या तंत्राबद्दल, मला मनापासून आस्था आहे. त्याची प्रयोगशाळेतली नळी बोटाएवढ्या जाडीची. क्वार्ट्झ काचेच्या नळीत मधोमध पोलादी सळई, बाहेरून जाळी गुंडाळलेली, काच आणि सळईत काही मिलिमीटरची फट. फटीत उत्प्रेरकाच्या गोळ्या. जाळी आणि सळई यांना कित्येक हजार व्होल्टचा झपाट्याने उलटसुलट होणारा दाब दिला की फटीत जांभळट प्रकाश पसरतो; हाच प्लाझ्मा. मध्ये काच असल्यामुळे ठिणगी मोठी होत नाही, जिथल्या तिथे विझते. ही रचना वेर्नर फॉन सीमेन्स यांनी 1857 मध्ये ओझोन बनवण्यासाठी केली होती.

खुबी अशी की इथे इलेक्ट्रॉन तापतात, वायू फारसा नाही. इलेक्ट्रॉन दहा हजार अंशांच्या वर, वायू मात्र शे-दोनशेच्या आसपास. या इलेक्ट्रॉनांच्या धडकांनी रेणू फुटतात, आणि तुकड्यांनी कोणाशी जुळायचं हे पुष्कळसं उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर ठरतं. लिव्हरपूल विद्यापीठात शिन तू यांच्या गटाने 2017 मध्ये कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन या दोन हरितगृह वायूंपासून, साध्या खोलीच्या तापमानाला, एकाच टप्प्यात अ‍ॅसेटिक आम्ल करून दाखवलं. भट्टीवर घाम गाळलेल्या माणसाला यातलं मोठेपण वेगळं सांगावं लागत नाही.

पण हिशेब मांडायलाच हवा. एक किलो कार्बन डायऑक्साइड फोडून कार्बन मोनॉक्साइड करायला किमान 1.8 युनिट ऊर्जा लागतेच; कोणतंही यंत्र त्याखाली जाऊ शकत नाही. कोळशाच्या विजेत युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर या जांभळ्या नळीत दिलेल्या विजेचा बहुधा दहावा हिस्साही कामी येत नाही. म्हणजे किलोभर वायू फोडण्यासाठी अठरा किलो हवेत सोडायचा! मायक्रोवेव्हचे किंवा सरकत्या ठिणगीचे प्लाझ्मा बरेच काटकसरी आहेत, पण ते इतके गरम की उत्प्रेरक त्यांच्यात ठेवता येत नाही, पुढे ठेवावा लागतो.

कोळशाच्या विजेवर हे तंत्र चालवण्याला माझा साफ विरोध आहे. सौर विजेवर मात्र ते जरूर चालवावं. आमचा रिफॉर्मर बंद पडला की पुन्हा जपून, टप्प्याटप्प्याने तापवावा लागे. ही नळी बटण दाबताच पेटते, ऊन गेलं की बंद करता येते. त्यामुळे या विषयावरचा प्रत्येक प्रयोग जाहीर होताना दोन गोष्टी ठळक छापल्या जाव्यात: किलोमागे किती युनिट लागले, आणि ती वीज कुठून आली.