डिरेलरच्या दोन पुल्या
नगरहून चाँदबीबी महालाचा चढ असो की अकोल्याहून भंडारदऱ्याचा रस्ता, गिअरच्या सायकलीत सगळ्यात जास्त धूळ खातात त्या मागच्या डिरेलरमधल्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागातल्या, दोन पुल्या. ही धूळ चेनच्या तेलात कालवली, की दातांवर काळं कीटण बसतं आणि गिअर अडखळतो. वरून नुसतं तेल सोडणं हा उपाय नव्हेच. धूळ आणखी चिकटते. आधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं खरवडावं, फडक्यानं पुसावं. कुरकुर राहिलीच, तर अॅलन कीनं बोल्ट काढून मधलं बुश रॉकेलनं धुवावं, वाळल्यावर थोडं ग्रीस लावावं. वरची-खालची अदलाबदल नको. शिमानो कंपनीच्या बऱ्याच वरच्या पुल्यांना मुद्दाम थोडी आडवी ढिलाई ठेवलेली असते, गिअर नेमका बसावा म्हणून. सीलबंद बेअरिंगची पुली मात्र रॉकेलात बुडवू नये, आतलं ग्रीस धुऊन जातं.