अ‍ॅम्बॅसॅडरचे टाय रॉड

मोटारीचे स्टिअरिंग फिरवले की पुढची दोन्ही चाके एकदम वळतात, ती टाय रॉडमुळे. अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक छोटे दातेरी चाक असते. ते रॅकला, म्हणजे आडव्या दातेरी पट्टीला, डावीउजवीकडे सरकवते. रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक टाय रॉड जोडलेला असतो आणि तो चाकाच्या स्टिअरिंग आर्मला ढकलतो किंवा ओढतो. चाक खड्ड्यात वरखाली होत असतानाच वळतही असते, म्हणून रॉड आणि आर्म जोडणारा सांधा सगळीकडे फिरणारा हवा. या सांध्यात, म्हणजे टाय रॉड एंडमध्ये, त्यासाठी दांडी असलेली पोलादी गोळी वाटीत बसवलेली असते. खुब्याचा सांधा असतो तशीच ही रचना. आत ग्रीस, वर ते सांभाळणारे रबरी बूट.

ही गाडी कोलकात्याशेजारी, हुगळीकाठच्या उत्तरपाडा इथल्या हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात 2014 पर्यंत तयार होत होती. मूळ नमुना ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि रॅकचे स्टिअरिंगही तिथूनच आले. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या पद्मिनीत स्टिअरिंगची वेगळी पेटी होती; तिच्यापासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या जोडणीत सांधे जास्त. अ‍ॅम्बॅसॅडरचे काम त्यामानाने सुटसुटीत. घरी दुरुस्ती करणाऱ्याचा संबंध मुख्यतः चाकाजवळच्या दोन सांध्यांशी येतो.

कोलकात्यात हे सांधे लवकर जातात, याचे कारण रस्त्यातच दिसते. ट्रॅमचे रूळ जिथे रस्त्याच्या पातळीपासून वरखाली झाले आहेत, तिथे चाकाला आडवा धक्का बसतो आणि तो थेट टाय रॉड एंडवर येतो. पावसाळ्यात ठनठनिया, कॉलेज स्ट्रीट या भागांत पाणी तुंबते. बुटाला बारीकशी चीर असली तरी चिखलपाणी आत शिरते, ग्रीस धुऊन निघते आणि गोळी कोरडी घासू लागते. धक्क्यांपेक्षा फाटक्या बुटाने बिघडलेले सांधे जास्त असावेत. म्हणून बूट फाटलेले दिसले की सांधा अजून घट्ट आहे, या समाधानात राहू नये.

लक्षणे सहज ओळखू येतात. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावे लागते, खड्ड्यावर पुढून खडखड ऐकू येते, पुढच्या टायरची एक कड दुसरीपेक्षा लवकर झिजते. खात्रीसाठी गाडीचा पुढचा भाग उचलून चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे, आणि दुसऱ्याने टाय रॉड एंडवर बोट ठेवावे. गोळी वाटीत हलली की बोटाला टकटक कळते. चाक बारा आणि सहाच्या जागी धरल्यावर हलत असेल, तर दोष बेअरिंगचा किंवा चाक ज्यावर वळते त्या पिनचा असू शकतो. तेव्हा नवे टाय रॉड एंड घालून काही साधत नाही.

सुटे भाग पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड जिथे एकत्र येतात, त्या मल्लिक बाजारात मिळतात. तो बाजार जुन्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. पण स्टिअरिंगचा सांधा मात्र नवाच घ्यावा. जुना माल वरून पुसून तेल लावलेला असला तरी आतली वाटी किती झिजली आहे ते दिसत नाही. जुना सांधा सोबत नेऊन आटे आणि दांडीची जाडी ताडून पाहावी.

काम सपाट, पक्क्या जागेवर करावे. हँडब्रेक लावून मागच्या चाकांना लाकडी ठोकळे द्यावेत, चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करावेत, मग गाडी उचलून चॅसिसखाली स्टँड लावावेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नये. विटांची चळत स्टँडच्या जागी अजिबात नको, वीट वजनाखाली अचानक फुटते.

चाक काढल्यावर टाय रॉडवरचे लॉकनट पाव फेरा सैल करावे आणि त्याची जागा रंगाने खुणावून ठेवावी. मग स्प्लिट पिन ओढून कॅसल नट सोडवावे, पण पूर्ण काढू नये. दोन-तीन आट्यांवर राहू द्यावे, म्हणजे सांधा सुटताना उडणार नाही. खरी झटापट इथून पुढे. दांडी निमुळती असते आणि आर्मच्या भोकात वर्षानुवर्षे घट्ट रुतलेली असते. नटावर खालून हातोडा मारला तर आटे चेपतात आणि दांडी मात्र जागची हलत नाही. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर आर्मच्या भोकाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने खणखणीत ठोका द्यावा. भोक क्षणभर ताणले जाते आणि दांडी एकदम निसटते.

सुटलेला सांधा टाय रॉडवरून फिरवून काढताना पूर्ण फेरे मोजावेत आणि नवा तेवढ्याच फेऱ्यांनी बसवावा. हा आकडा कागदावर लिहून ठेवावा. फेरे चुकले तर चाकांचा कोन बदलतो. नव्याचे कॅसल नट आवळताना दांडी नटाबरोबरच गरगर फिरू लागते. तेव्हा सांध्याखाली जॅकने हलका दाब द्यावा, म्हणजे ती भोकात धरून राहते. नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जोराने आवळावे. पिनचे भोक जुळले नाही, तर नट थोडे आणखी आवळावे. सैल करून जुळवू नये. पिन नवीनच घालावी. सांधा वेडावाकडा राहणार नाही असा धरून लॉकनट पक्के करावे आणि निपल असेल तर ग्रीस भरावे. एका बाजूचा सांधा गेला असेल, तर तितक्याच वयाचा दुसराही त्याच वेळी बदलणे बरे.

फेरे मोजून बसवले तरी चाकांचा कोन जुन्याइतकाच येईल याची खात्री नसते, कारण नव्या सांध्याची लांबी केसभर वेगळी असू शकते. दोन्ही टायरांमधले अंतर पुढच्या आणि मागच्या कडेला टेपने मोजले तर ढोबळ फरक कळतो. तेवढ्यावर गाडी गॅरेजपर्यंत नेता येते, रोजच्या वापरासाठी नाही. अलाइनमेंट यंत्रावरच करून घ्यावे आणि तोवर गाडी हळू चालवावी. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट, स्प्लिट पिन आणि लॉकनट पुन्हा एकदा तपासून घ्यावे.