मनगटावरचा चौकोनी डाग

आमच्या वरच्या मजल्यावरचा नववीतला मुलगा रविवारी दुपारी आईबरोबर खाली आला, तेव्हा त्याने डावं मनगट उजव्या हाताने झाकून धरलं होतं. हात बाजूला केल्यावर दिसला बर्फाच्या ट्रेमधल्या खड्याएवढा चौकोनी डाग. मधोमध मेणासारखा पांढुरका, कडेने लालभडक, आणि एका कोपऱ्यात पाण्याने टम्म फुगलेला फोड. “काका, बर्फाने कुणी भाजतं का हो?” त्याच्या आईने विचारलं.

मित्रांनी पैज लावली होती. कातडीवर चिमूटभर मीठ, त्यावर बर्फाचा खडा, आणि जो जास्त वेळ धरून ठेवेल तो जिंकला. साधारण 2012 पासून अमेरिका-ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांत मोबाइलवरच्या व्हिडिओंतून हा खेळ पसरला, आणि अजून अधूनमधून डोकं वर काढतो. यात आग नाही, वीज नाही, फटाका नाही. दोन्ही वस्तू स्वयंपाकघरातल्याच, त्यामुळे घरच्यांना पत्ताही लागत नाही.

याच जोडीवर आपल्याकडे कितीतरी उन्हाळे आईस्क्रीम झालं आहे. पॉटची लाकडी बादली, मधे दुधाचा डबा, भोवती गोणपाटात बांधून आणलेल्या लादीचा चुरा आणि त्यावर मुठीमुठीने खडे मीठ. मीठ घातलं नाही, तर हँडल फिरवून खांदे दुखतील, पण दूध नुसतं गार होईल. साखर घातलेलं दूध शून्य अंशाच्या खाली गोठतं, आणि वितळणारा साधा बर्फ शून्यावरच थांबतो.

मीठ काय करतं ते पाहण्यासारखं आहे. वितळत्या बर्फाच्या पृष्ठभागावर सतत येजा चालू असते. पाण्याचे काही रेणू बर्फातून सुटतात, तर काही परत बर्फाला चिकटतात. पाण्यात मीठ विरघळलं की परत चिकटणाऱ्यांची संख्या घटते, सुटणारे मात्र सुटतच राहतात. बर्फ भराभर वितळू लागतो. पण वितळायला उष्णता लागते, एका ग्रॅमला तब्बल 334 ज्यूल. बाहेरून तेवढी मिळेपर्यंत ती बर्फ आणि खारं पाणी यांच्यातूनच खेचली जाते, आणि दोन्ही गार होत जातात. वजनाने 23 टक्क्यांच्या आसपास मीठ असेल, तर हे मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. घरातला फ्रीजर असतो उणे 18च्या आसपास. म्हणजे बर्फ ज्या फ्रीजरमधून काढला, त्याहूनही गार! फॅरनहाइटने 1724 साली आपल्या मापनपट्टीचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यातलं शून्य त्याने अशाच मिश्रणावरून ठरवलं होतं. त्याच्याकडे होता नवसागर, आपला कल्हईवाला वापरतो तोच.

फ्रीजरमध्ये हात घातला तर कातडी अशी भाजत नाही, कारण तिथे कातडीला भिडते ती हवा, आणि हवा उष्णता फार हळू ओढून नेते. पाणी तेच काम वीसपटींहून अधिक वेगाने करतं. खारं पाणी तर कातडीच्या प्रत्येक सुरकुतीत शिरून बसतं. मग कातडीतलं पाणी गोठू लागतं. पेशींच्या बाहेर बर्फाचे स्फटिक धरतात, ते पेशींमधलं पाणी ओढून घेतात, बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन रक्त अडतं. हिमालयातल्या गिर्यारोहकांच्या बोटांना होतो तोच हिमदंश, इथे पंख्याखाली बसून झालेला.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते मुलाच्या एका वाक्याने. “आधी खूप चुरचुरलं, मग दुखायचं थांबलं. मला वाटलं, आता जमलं.” ती कळ थांबली, कारण गारठलेल्या मज्जातंतूंनी मेंदूकडे निरोप पाठवणंच बंद केलं होतं. म्हणजे धोका सुरू झाल्यावर मुलाला धीर येतो आणि तो खडा आणखी दाबून धरतो. पैजेतली ही गोष्ट मुलांना कोणीतरी सांगायलाच हवी. हट्टी मुलाइतकंच सोशिक मुलालाही यात जास्त लागतं.

असं झालंच, तर बर्फ काढून मीठ आधी पाण्याने धुवायचं आणि तो भाग 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा. चोळायचं नाही. शेगडीजवळ धरायचं नाही, कारण बधिर कातडीला चटका कळत नाही. टूथपेस्ट, हळद काही लावायचं नाही, फोड फोडायचा नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. ऊब परतताना कळ जोरात येते, तेव्हा घाबरू नये.

त्याचा फोड सुकल्यावर मी त्याला बोलावलं. ओल्या लाकडी फळीवर स्टीलची वाटी ठेवली, तिच्यात बर्फाचा चुरा आणि मीठ घालून त्याला ढवळायला सांगितलं. वाटीच्या बाहेर पांढरं दव साचून गोठलं. थर्मामीटर उणे 14 वर आला. “आता वाटी उचल,” मी म्हटलं. त्याने कड धरून उचलली, आणि तिच्याबरोबर फळीही वर आली. थोडा वेळ तो ती तशीच अधांतरी धरून तळाकडे बघत राहिला.