डोंगराआडून, आकाशमार्गे

१६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन कोंढाणा, म्हणजे आजचा सिंहगड, मिळवून दिला. त्या रात्री मावळ्यांनी गडावरची पागा पेटवली आणि तो उजेड शिवाजी महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं सभासदाची बखर सांगते. गड आल्याची वार्ता डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने पोचली, कारण सिंहगड आणि राजगड एकमेकांसमोर उभे आहेत. तानाजींची समाधी असलेल्या उमरठात मात्र कितीही मोठा जाळ केला तरी तो दूर कुणाला दिसायचा नाही. पोलादपूर सोडून आत शिरलं की डोंगर अंगावर येतात. पूर्वेला महाबळेश्वरचं पठार, उंची चौदाशे मीटरांच्या आसपास. उजेड सरळ रेषेत जातो. मोबाइलच्या लहरीही जवळपास तशाच जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात.

पण याच दरीत दोन झाडांमध्ये वीसेक मीटर तार आडवी ताणा, जमिनीपासून चार-पाच मीटर उंच. तिच्यातून ७ मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडा. डोंगरांची वाट न धरता त्या बहुतांश सरळ वर जातात. अडीच-तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्याने हवेच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे केलेले असतात. त्या आयनमंडलातून लहरी वळतात आणि कारंज्याच्या पाण्यासारख्या चहूबाजूंनी खाली येतात: पुण्यावर, सोलापुरावर, छत्रपती संभाजीनगरावर. मध्ये ना टॉवर, ना उपग्रह. सह्याद्रीची भिंत उरतेच, फक्त तिच्याशी आपला संबंध येत नाही.

अर्थात आकाश लहरी परत देईलच असं नाही. वर इलेक्ट्रॉन किती दाट आहेत यावर ते ठरतं आणि ती दाटी तासागणिक बदलते. दिवसा ७ मेगाहर्ट्‌झची सरळ वर गेलेली लहर परतते. पहाटे दाटी ओसरली की तीच लहर आरपार अवकाशात निघून जाऊ शकते, मग ३.५ मेगाहर्ट्‌झवर उतरावं लागतं. एके काळी हे हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅमना, वर्षानुवर्षांच्या अनुभवातून कळायचं. आज जगभरची आयनोसोंड यंत्रं वर स्पंद सोडतात, कोणती कंप्रता किती उंचीवरून परतली ते मोजतात आणि त्यावरून बनलेले नकाशे इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. न दिसणाऱ्या छताची उंची आणि घनता आपल्या फोनवर! मला याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

त्याहून मोठं नवल डब्ल्यूएसपीआर या पद्धतीचं. ती रचली जो टेलर यांनी; जोडताऱ्यातल्या पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले हेच ते शास्त्रज्ञ, आणि ते स्वतः हॅम आहेत. अवकाशातून येणारा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी ती नजर हौशी रेडिओकडे वळवली. संदेश इवलासा असतो: स्थानकाचं नाव, जागा, शक्ती. एकूण ५० बिट. ते १६२ चिन्हांत पसरवून, सुमारे ११० सेकंद, जेमतेम ६ हर्ट्‌झ रुंदीत, सावकाश पाठवायचे. सुरुवात सम मिनिटालाच, म्हणून ऐकणाऱ्या संगणकाला कधी कान द्यायचा ते आधीच ठाऊक असतं. नेहमीच्या रेडिओच्या पट्ट्यातला गोंगाट संकेताच्या सहाशे पट असला तरी संदेश वाचता येतो. त्यामुळे २०० मिलीवॅटची इवलीशी शक्ती हजारो किलोमीटरवरही ओळखू येते. कुणी कुणाला ऐकलं याच्या नोंदी काही मिनिटांत डब्ल्यूएसपीआरनेटच्या नकाशावर उमटतात. पीएसकेरिपोर्टर हेच काम इतर डिजिटल पद्धतींसाठी करतं.

या नकाशांवर जागा सांगायची पद्धत पृथ्वीला चौकटींत वाटून टाकते: रुंदी दोन अंश रेखांश, उंची एक अंश अक्षांश. आपल्याकडे १८ उत्तर अक्षांशाची रेषा नेमकी महाड आणि पोलादपूर यांच्यामधून जाते. महाड शहर एमके ६८ मध्ये, पोलादपूर गाव एमके ६७ मध्ये. सावित्री महाबळेश्वरहून उतरून पोलादपूर ओलांडते आणि महाडच्या वाटेवर एका चौकटीतून दुसरीत जाते. नुसती ही अक्षरं वाचून ब्राझीलमधला हॅम या नदीच्या खोऱ्यावर बोट ठेवू शकतो.

नुसतं ऐकायचं असेल तर तारही नको. नेदरलँड्समध्ये एन्स्खेडेच्या ट्वेंटे विद्यापीठात एक रिसीव्हर इंटरनेटवर खुला आहे. २९ मेगाहर्ट्‌झपर्यंतचा सगळा पट्टा, आणि शेकडो लोक एकाच वेळी आपापली कंप्रता लावू शकतात. आपल्याकडे मध्यरात्र होते तेव्हा तिथे संध्याकाळ असते आणि ४० मीटर बँडवर, म्हणजे वर आलेल्या ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, युरोपभरचे आवाज दाटलेले असतात. किवीएसडीआरचे असेच छोटे रिसीव्हर जगभर विखुरलेले आहेत. एकच प्रक्षेपण दोन देशांतल्या रिसीव्हरांवर पाठोपाठ ऐकून पाहा. एकीकडे खणखणीत, दुसरीकडे मागमूसही नाही. आयनमंडल समजून घ्यायला याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

आयनमंडलाला हलवणाऱ्या चुंबकीय वादळांची नोंद ठेवणारं एक जुनं ठाणं उमरठच्याच रायगड जिल्ह्यात आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून कुलाबा वेधशाळेचं ते काम अलिबागला हलवलं गेलं. १९०४ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत आहे. १८५९ चं महाप्रचंड सौर वादळ कुलाब्यात नोंदलं गेलं होतं. आज अलिबागची वेधशाळा ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची आहे, तिचं मुख्यालयही नवीन पनवेलला, म्हणजे याच जिल्ह्यात. सूर्यावर भडका उडाला की आठेक मिनिटांत पृथ्वीच्या दिवसाकडच्या बाजूचा शॉर्टवेव्ह मुका होऊ शकतो. चुंबकीय वादळ येतं एक-दोन दिवसांनी. म्हणून हॅम बँड लावण्याआधी सूर्याचे आकडे बघतो, जसं कोळी भरतीची वेळ बघतो.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीही दरडींखाली आली. अशा दिवशी वीज आणि टॉवर गेले तर हे सगळे नकाशेही बंद पडतील. म्हणून माझ्या मते त्यांचा खरा उपयोग उघडिपीच्या महिन्यांतला आहे. आपल्या दरीतून सकाळी कोणता बँड पुण्यापर्यंत जातो, पहाटे कोणता, हे तेव्हाच पडताळून वहीत उतरवायचं. वादळात मग बॅटरी, तार आणि ती वही एवढ्यावर काम चालतं.

प्रक्षेपण करायला मात्र परवाना हवा. त्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते आणि व्हीयू अक्षरांनी सुरू होणारी आपली कॉल साइन मिळते. परीक्षेला किमान वय १२ वर्षं पुरतं, म्हणजे उमरठची सातवीतली मुलगीही बसू शकते.