टोइंग: अधिकार पोलिसाचा, शिव्या क्रेनवाल्याला

दिल्लीत करोल बाग असो वा लाजपत नगर, क्रेन दिसली की दुकानांतून माणसं धावत बाहेर येतात आणि क्रेनवाल्याशीच हुज्जत घालतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार गाडी उचलायला लावण्याचा अधिकार मात्र गणवेशातल्या पोलिसाचा, खर्च गाडीमालकाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २०१ खाली वाहतूक अडवल्यास ५०० रुपयांपर्यंत दंड, उचलण्याचा आकार वेगळा.

लोकांचा राग अगदीच अनाठायी नाही. २०१७ मध्ये मुंबईत मालाडला बाळाला दूध पाजणारी आई आत असताना कार ओढली गेली. २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत दुचाकी स्वारासकट उचलली.

या बदनामीची झळ बंद पडलेल्या गाड्या नेणाऱ्या खासगी व्यावसायिकांनाही बसते. शिवाय इलेक्ट्रिक गाडी चाकं रस्त्यावर टेकवून ओढली तर मोटार बिघडू शकते. ती सपाट ट्रकवरच न्यावी लागते, म्हणजे भांडवल आलं. त्यात गुरुग्राम, दिल्ली, नोएडा म्हणजे तीन सरकारं नि तीन पोलीस दलं!

तुमची गाडी बंद पडली, तर ती ट्रकवर चढवण्याआधी दर लेखी घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी: १०३३.