इंजिनाचं जुनं ऑइल खाडीत नको, मग द्यायचं कुठे?



१ जून ते ३१ जुलै या बंदीत आपण होड्या वर काढतो आणि इंजिनाचं ऑइल दारातच बदलतो. उरलेलं काळं ऑइल खाडीत गेलं तर तवंग पसरतो, तिसऱ्या-कालवांना तेलाचा वास लागतो आणि बाजारात बसलेल्या आपल्याच बायकांचा माल पडून राहतो. चुलीत जाळलं तर धूर विषारी.

कायद्याने हा घातक कचरा आहे, पण शुद्ध करून त्याचं पुन्हा ऑइल बनतं. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल कंपन्यांवरही त्याची जबाबदारी आहे.

काय करावं?

• हातमोजे घालून, ऑइल कोमट असताना काढा. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर ‘जुनं ऑइल’ लिहा.
• पाणी, डिझेल, थिनर मिसळू नका. होडीच्या तळातलं तेलकट पाणी वेगळं ठेवा.
• फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळून घ्या.
• ऑइल घेता ते दुकान, मोठं गॅरेज, सर्व्हिस सेंटर, इथे आधी विचारा.
• नेणाऱ्याकडे गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आहे का, ते बघा. भंगारवाला दोन पैसे जास्त देईल. पण तेच ऑइल गाळून, नव्या डब्यात भरून आपल्याच इंजिनात यायचं!

एकट्याच्या पाच लिटरसाठी कोण गाडी पाठवणार? म्हणून कॅन भरला की सोसायटीत कळवा. जेटीवरच्या सगळ्यांचं आम्ही एकत्र देऊ.

– सचिव