सरकारी पट्ट्याची जमीन आणि अनधिकृत कब्जा

सरकारी जमीन भाडेपट्ट्याने मिळाली म्हणजे ती मालकीची झाली, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः पट्टेदारास मिळतो तो ठराविक मुदतीपुरता व ठराविक अटींवर उपभोगाचा हक्क. मालकी सरकारकडेच राहते. मुदत संपल्यावर, अथवा अटभंगामुळे पट्टा रद्द झाल्यावर, जो वहिवाट चालू ठेवतो त्याचा कब्जा अनधिकृत ठरतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ अन्वये जिल्हाधिकारी अशा इसमास नोटीस देऊन जमीन सोडण्यास फर्मावू शकतात, व ती न मानल्यास त्यास जमिनीवरून दूर करू शकतात.

“वर्षानुवर्षे जमीन कसली, विहीर खणली” ही सबब न्यायालयात सहसा टिकत नाही. पट्टेदाराचा कब्जा मुळात परवानगीचा असल्याने केवळ काळ लोटला म्हणून मालकी येत नाही. गावाच्या सामाईक जमिनींसंबंधी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले की, दीर्घ कब्जा किंवा मोठा खर्च या कारणास्तव बेकायदेशीर कब्जा नियमित करता येणार नाही. मात्र भूमिहीन मजूर अथवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शासकीय अधिसूचनेनुसार दिलेले पट्टे अपवाद म्हणून विचारात घेता येतील, असेही त्याच निर्णयात आहे. म्हणूनच गरीब पट्टेदाराचे खरे संरक्षण त्याच्या कागदात आहे.

दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. बिशनदास विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, जमीन सरकारची असली तरी कायद्याच्या आधाराशिवाय केवळ अधिकाराच्या बळावर कोणासही हुसकावता येत नाही.

तरी शेतकऱ्यांनी पुढील दक्षता घ्यावी:

१. पट्ट्याचा करार व भाड्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे.

२. मुदत संपण्यापूर्वीच नूतनीकरणाचा लेखी अर्ज करून पोच घ्यावी.

३. पट्ट्याच्या जमिनीत तिऱ्हाइताने शिरकाव केल्यास तहसीलदारांस ताबडतोब लेखी कळवावे.

४. नोटीस आल्यास दिलेल्या मुदतीत कागदपत्रांसह लेखी खुलासा करावा.

५. महसुली आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत, आदेश जिल्हाधिकाऱ्यांहून कनिष्ठ अधिकाऱ्याचा असल्यास ६० दिवस, एरवी ९० दिवस असते; ती दवडू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक पट्टेदारास त्याच्या पट्ट्याची अखेरची तारीख वाचून दाखविली, तरी कितीतरी कुटुंबांचे कोर्टाचे हेलपाटे वाचतील.